शॉकअपची पाचवी खाच

खंडेनवमीच्या सकाळी उचगावात कुठल्याही गल्लीत शिरा, दारोदारी गाड्या धुऊन पुसून उभ्या असतात. हॅण्डलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं बोट, चाकाखाली लिंबू. शेजारी पाटावर घरातली हत्यारं मांडलेली: कोयता, खुरपी, पहार, कुऱ्हाड, एखादी करवत. यंदा आमच्या अक्कानं गाडीचं टूलकिटही पाटावर मागवलं. दाजींनी गाडीचं बाजूचं कव्हर काढून आतून एक काळी रेक्झिनची पिशवी ओढली. पिशवीची नाडी वाळून काडीसारखी झालेली. आत प्लगचा पाना, स्क्रू-ड्रायव्हर, दोन दुतोंडी पाने, आणि एक चपटा पाना, पुढं चंद्रकोरीसारखा वाकलेला, टोकाला नाक काढलेला. त्याच्यावरचं तेल अजून चिकट होतं. गाडी घेऊन नऊ वर्षं झाली, या पान्याला कुणाचा हात लागला नव्हता.

दाजींनी तो उलटसुलट करून बघितला. "ह्यो कशाचा गा?"

मी म्हटलं, "मागच्या शॉकअपचा."

"शॉकअपला पाना लागतोय?"

लागतो. आणि तो न लावता आपण किती वर्षं, किती ओझी वाहिली, त्याचीच ही गोष्ट.

हे उचगाव बेळगाव तालुक्यातलं, कोल्हापूरजवळचं नव्हे. बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा, मग उचगावचा फाटा. तसंच पुढं गेलं की तुरमुरी, बाची आणि बाचीच्या पलीकडं शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. फाट्यावरच्या गॅरेजात केए-22 आणि एमएच-09 एकमेकींना टेकून उभ्या असतात. मेस्त्री एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, पण शॉकअपला दोन्ही भाषांत शॉकअपच म्हणतात. तेवढ्यापुरता सीमाप्रश्न सुटलेला आहे.

या गावातल्या दुचाकीवरचं ओझं दिवसातून चार वेळा बदलतं. पहाटे दुधाचे कॅन. मग दाजी एकटेच शेताकडं. नवरात्राच्या आगेमागे रताळी निघतात तेव्हा बांधापासून रस्त्यापर्यंत पोतं. संध्याकाळी अक्काला घेऊन बेळगाव. मंगळवारी आणि शुक्रवारी मळेकरणी देवीच्या आमराईत यात्रा करायला येणारी माणसं बघावीत: पुढं पोरगं, मागं बायको, तिच्या मांडीवर पातेलं आणि पातेल्यात चटणी-मसाल्याची पुडकी. ही सगळी ओझी एकाच गाडीवर, त्याच दोन स्प्रिंगांवर. मागच्या शॉकअपच्या बुडाशी या बदलत्या ओझ्यासाठीच एक गोल कडं बसवलेलं असतं, त्याला जिन्यासारख्या खाचा असतात. बहुतेक गाड्यांना पाच. दाजींची गाडी शोरूममधून निघाली तेव्हा ज्या खाचेवर होती, त्याच खाचेवर नऊ वर्षांनी होती.

"कंपनीनं बसवलंय तसं ऱ्हाऊ दे की. आपुन कशाला हात लावायचा?" हे दाजींचं म्हणणं. हे एकट्या दाजींचं नाही. माझ्या ओळखीतल्या तीस-चाळीस गाडीवाल्यांना मी गेल्या दोन महिन्यांत विचारलं. खाच फिरवलेली माणसं तिघं निघाली. त्यातल्या दोघांनी "गाडी टणक करायला" फिरवली होती. तिसरा मेस्त्रीच होता.

गैरसमज इथंच आहे. खाच वर चढवली की शॉकअप "टाइट" झाला, स्प्रिंग जाड झाली, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात स्प्रिंगमध्ये काडीचाही फरक पडत नाही. ती तीच तार, तेवढीच वेटोळी. खाच चढवल्यानं स्प्रिंग बसल्या जागी आधीच थोडी दाबली जाते, एवढंच. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1676 साली स्प्रिंगचा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला, कुणी चोरू नये म्हणून, आणि 1678 साली कोडं उलगडून सांगितलं: जेवढा ताण, तेवढं बळ. त्याचा हिशेब रताळ्याच्या काट्यावरही कळतो. समजा, गाडीच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून 1 मिलिमीटर दाबायला 4 किलो लागतात. त्या 10 मिलिमीटर आधीच दाबून बसवल्या, म्हणजे आत 40 किलोचं बळ आधीच भरलेलं आहे. त्यावर 60 किलोचा भार आला तर स्प्रिंग 15 मिलिमीटर दबायला हवी. त्यातले 10 आधीच झालेत, म्हणून गाडी फक्त 5 मिलिमीटर खाली बसेल. खाच चढवून 14 मिलिमीटर केलं तर त्याच भाराला 1 मिलिमीटर बसेल. पण दोन्ही वेळा पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला लागतात ते 4 किलोच. गाडी उंच झाली, टणक झाली नाही.

फाट्यावरच्या मेस्त्रींनी हे मला एका वाक्यात सांगितलं आणि माझा सगळा हिशेब फिका पडला. "उंबरा उंच केला म्हणून घर मोठं होत नाही बघा." ओझं पहिल्यांदा उंबरा ओलांडतं, मग आत येतं. उंबरा किती उंच ठेवायचा, ते येणाऱ्या माणसावर. आतली खोली तेवढीच.

मग उंबरा चुकला तर बिघडतं काय? एकटा हडकुळा माणूस पाचव्या खाचेवर बसला तर गाडी वरच्या टोकाला लागून राहते. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच नसते, गाडी मागून उडते, कंबर म्हणते थांबा. उलट, दुसऱ्या खाचेवर दोघं आणि पोतं बसलं तर मागचा भाग खाली जातो, प्रत्येक खड्ड्याला शॉकअप आतल्या रबरावर आदळतो, टायर मडगार्डला घासतो, वळणावर मेन स्टँड रस्त्याला लागून ठिणग्या उडवतो. मागचं बूड खाली गेलं की पुढचं तोंड वर होतं, हॅण्डल हलकं लागतं, गाडी वळायला आळस करते. पावसाळ्यात रात्री बाचीकडून येताना समोरच्या मोटरसायकलचा दिवा थेट डोळ्यांत येतो, आपण त्याला शिव्या देतो. पुष्कळदा त्या बिचाऱ्यानं अप्पर-डिप्परची चूक केलेलीच नसते. मागं पोतं असतं, आणि खाच दुसरी असते.

हे तंत्र काही परवाचं नाही. सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागं स्प्रिंगच नसे. चाक सांगाड्याला थेट जखडलेलं, आणि धक्का सोसायला सीटखाली दोन मोठ्या स्प्रिंगा. जुन्या सायकलच्या सीटला असत तशाच. बेळगावाला सायकलीचं काय सांगावं? लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान इथलं, 1888 सालचं. पुढं 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले आणि बेळगावाला किर्लोस्कर रोड तेवढा राहिला. बुलेटला मागचं चाक धरून वरखाली होणारा चिमटा आणि दोन शॉकअप मिळाले ते 1948 च्या सुमारास. त्या काळात ही चैन होती. पुढं लष्करानं ती गाडी निवडली, 1955 मध्ये मद्रासला जुळणी सुरू झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं आमच्या पिढीनं लष्करी बुलेटचा आवाज शाळेच्या घंटेइतकाच ऐकला आहे. 1973 मध्ये यामाहानं एकाच शॉकअपची गाडी मोटोक्रॉसच्या मैदानात उतरवली आणि 250 सीसीचं जगज्जेतेपद मारलं. आज शोरूममध्ये बऱ्याच गाड्या तशा, मधोमध एक शॉकअप असलेल्या दिसतात. दाजींच्या गाडीला मात्र दोन्ही बाजूंना दोन, उघडे, चिखल खायला मोकळे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. आधी मोजणी. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या मधल्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर खडूची खूण केली आणि टेप लावला: 562 मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवली, दाजी बसले, पाय फुटरेस्टवर, मी हॅण्डल धरून उभा, अक्कानं टेप धरला. 531. म्हणजे 31 मिलिमीटर बसली. मग अक्का मागं बसली आणि मी तिच्या मांडीवर 20 किलोची तांदळाची पिशवी ठेवली. टेप धरायला शेजारचं पोरगं बोलावलं. 498. चौसष्ट मिलिमीटर. चाकाला वरखाली व्हायला जेवढी जागा असते तिचा तिसरा हिस्सा माणूस बसल्यावर वापरला जावा, दोन हिस्से खड्ड्यांसाठी उरावेत, असा साधारण दंडक आहे. दाजी एकटे असताना गाडी बरोबर होती. दोघं आणि ओझं म्हटलं की खड्ड्यांसाठी फारच थोडं उरत होतं. अक्का म्हणाली, "म्हणूनच हिंडलग्याच्या पुढं माझी पाठ धरतीय." नऊ वर्षांचा तिचा आरोप एका टेपनं सिद्ध झाला.

आता कडं फिरवायचं. पान्याचं नाक कड्याच्या भोकात अडकवलं, ओढलं. ढिम्म. नऊ वर्षांचा चिखल आणि गंज कड्याखाली सिमेंटसारखा बसला होता. मी जोर केला, पाना निसटला आणि माझी बोटं थेट फुटरेस्टच्या पट्टीवर. दोन सालं गेली. दाजींनी हळद लावली आणि म्हणाले, "म्हणून म्हटलं, कंपनीनं बसवलंय तसं ऱ्हाऊ दे."

चूक माझीच. घाई केली. रीत अशी आहे. आधी शॉकअप पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा. पाण्याचा जोराचा फवारा ऑइल सीलवर मारायचा नाही. मग कड्याच्या कडेनं डिझेल नाहीतर गंज सोडवणारा स्प्रे सोडायचा आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तारेचा ब्रश, पण फक्त कड्यावर आणि खाचांवर. वरची जी चकचकीत दांडी आत-बाहेर होते तिच्या वाऱ्यालाही तारेचा ब्रश न्यायचा नाही. त्या दांडीवर केसाएवढा ओरखडा पडला तरी तो ऑइल सीलला कातरत राहतो आणि दोन महिन्यांत शॉकअप तेल गळायला लागतो. गाडी मेन स्टँडवरच हवी, म्हणजे स्प्रिंगवर गाडीचं वजन नसतं. पाना दोन्ही हातांनी, आपल्या दिशेनं ओढायचा, समोर ढकलायचा नाही. निसटला तर हात रिकाम्या हवेत जायला हवा, लोखंडावर नाही. छिन्नी आणि हातोडी हे या कामाचे शत्रू. कड्याच्या कडा एकदा फुलल्या की पाना कधीच नीट बसत नाही. फाट्यावर येणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळांची कडी अशीच छिन्नीनं चावलेली असतात.

दुसऱ्या सकाळी कडं पहिल्या ओढीला करकरलं, दुसऱ्या ओढीला फिरलं. ते सगळ्यात खालच्या खाचेवर आणलं, उघडा पडलेला भाग फडक्यानं पुसला. आत काय निघालं ते दाजींनी वर्तमानपत्रावर काढून ठेवलं: वाळलेला चिखल, भाताचं तूस, एक बारीक खडा, आणि निळ्या पॉलिथिनचा तुकडा. मग बोटाच्या टोकावर येईल एवढंच ग्रीस, पाण्यात न धुपणारं, फक्त खाचांच्या उतारावर. बाहेर आलेलं ग्रीस लगेच पुसायचं, नाहीतर तेच पुढच्या चिखलाला आवतण. कडं पाचही खाचांवरून दोनदा वर-खाली फिरवलं. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर हव्यात, एक तिसरीवर आणि एक चौथीवर ठेवली तर चिमट्यावर पीळ येतो. वरच्या-खालच्या रबरी बुश बोटानं हलवून बघितल्या, नट आवळलेले आहेत का पाहिलं, दांडीवर तेलाची ओल आहे का पाहिलं. नव्हती. कामाला एकूण पाऊण तास. त्यात चहा धरला आहे.

चौथ्या खाचेवर, अक्का आणि तांदूळ घेऊन पुन्हा मोजलं. 514. म्हणजे 48 मिलिमीटर. तिथं ओझं कमी झालं नाही की स्प्रिंग बदलली नाही. एवढं मात्र नीट लक्षात ठेवलं पाहिजे: खाच चढवल्यानं गाडीची ओझं वाहायची ताकद वाढत नाही. पुस्तिकेत जी मर्यादा दिली आहे ती टायरची, सांगाड्याची, ब्रेकची आहे, आणि मागं माणूस बसला की टायरचा हवेचा दाबही वाढवायचा असतो. तो आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो, सहसा चिखलाखाली.

खरी गंमत दिवाळीच्या आधी आठवडाभर झाली. भाचा पुण्याहून आला, परदेशी कंपनीची 650 सीसीची गाडी घेऊन. गाडीच्या आवाजानं आख्खी गल्ली दारात. या गाडीला कडं-बिडं नाही. मधोमध एक शॉकअप आणि बाजूला, हात पोचेल तिथं, एक काळी मूठ. मूठ फिरवली की टक-टक आवाज येतो आणि गाडी मागून उचलली जाते. पाना नको, खाली बसायला नको. दाजी कौतुकानं बघत राहिले.

"पण मामा, चालत नाही नीट," भाचा म्हणाला. "पहिले पंधरा-वीस टक नुसतेच फिरतात. मग शेवटी कुठं थोडी उचलते. सर्व्हिसवाले म्हणतात आख्खा सेट बदलायचा." सेटची किंमत त्यानं हळू आवाजात सांगितली. दाजींनी मान फिरवली. तेवढ्यात एक म्हैस आली असती.

मुठीच्या आत जे चालतं ते बेळगावकराला परकं नाही. मूठ एक स्क्रू फिरवते, स्क्रू एका छोट्या पिस्टनला ढकलतो, पिस्टन तेलाला ढकलतो. तेल बोटाएवढ्या नळीतून शॉकअपपर्यंत जातं आणि तिथं स्प्रिंगच्या बुडाशी असलेल्या कड्यासारख्या पिस्टनला वर रेटतं. छोट्या पिस्टनवरचा कमी जोर, मोठ्या पिस्टनवर जास्त जोर. फ्रेंच गणिती पास्कलनं हे सतराव्या शतकात सांगितलं, जोसेफ ब्रामानं 1795 मध्ये त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि गेली कित्येक दशकं बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास त्याच तत्त्वावरचे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. सुरेश हुंदरे यांनी उभी केलेली पॉलिहायड्रॉन ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली कंपनी. ज्या गावच्या कारखान्यांतून हायड्रॉलिक पंप बाहेर जातात, त्या गावच्या वेशीवर चमचाभर तेलासाठी आख्खा सेट बदलायचा, हे माझ्या मनाला पटेना.

पहिले वीस टक रिकामे जातात याचा अर्थ सरळ आहे. आत हवा शिरली आहे. तेल दाबलं जात नाही, ते दाब पुढं पोचवतं. हवा दाबली जाते, आणि तुमची मेहनत खाऊन टाकते. हवा शिरली म्हणजे तेल कुठून तरी गेलं आहे. मुठीच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तर काळपट ओल लागली. आतली ओ-रिंग गेली.

मी मेस्त्रींना घरीच बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, भाच्याला विचारलं, "सर्व्हिस पुस्तक हाय?" त्याच्या फोनवर होतं. मेस्त्रींनी आकृती बघितली, अक्षरं वाचली नाहीत. मग सांगितलं तसं आम्ही केलं. मूठ उलटी फिरवून पूर्ण सैल केली. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, शिवाय पुढच्या चाकाला दगडाची ओट. असं केल्यावर शॉकअपवरचा कडा-पिस्टन आपल्या खालच्या टेकूवर बसतो आणि तेलावर दाब राहत नाही. तरीही नळीचा बोल्ट उघडताना मेस्त्रींनी त्याला फडकं गुंडाळलं आणि तोंड बाजूला घेतलं. पाव फेरा, थांबले. अर्धा फेरा, थांबले. तेल ओघळलं, उडालं नाही. दोन तांब्याचे वायसर काढून टाकले, ते पुन्हा वापरायचे नसतात.

मूठ हातात आल्यावर ती खोलणं स्वयंपाकघराच्या ओट्यावर झालं, अक्काच्या संमतीनं, खाली वर्तमानपत्र आणि जेवणाचं मोठं ताट. ताट यासाठी की आत टक-टक करणारी गोळी असते, मोहरीएवढी, खाली बारीक स्प्रिंग. मूठ निघाली की ती गोळी उडते. उडाली. ताटात सापडली. स्क्रूच्या आट्यांवरचं ग्रीस मेणासारखं वाळलं होतं, मूठ जड फिरण्याचं ते कारण. पिस्टनवरची ओ-रिंग गोल राहिली नव्हती, एका अंगानं इंग्रजी डी अक्षरासारखी चपटी झाली होती. मेस्त्रींनी ती मापली नाही, पिस्टनवरची खाच मापली, व्हर्नियरनं. "जुन्या रिंगेचं माप घेतलं तर जुनीच रिंग मिळतीय," म्हणाले. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

दुसऱ्या दिवशी भाचा आणि मी उद्यमबागेत. हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या दुकानात काउंटरवर माप सांगितलं: आतला व्यास, तारेची जाडी, नायट्राइल रबर, सत्तर शोअर. दुकानदारानं ड्रॉवर उघडला, चिमट्यानं चार रिंगा काढून पुडीत बांधल्या. "कशाला पाहिजे?" मी सांगितलं. तो हसला. पैसे एका चहा-भज्याच्या आतबाहेर. चार घेतल्या, एक लावायला, तीन भाच्याला आयुष्यभर. बाजूच्या दुकानातून तांब्याचे वायसर.

तेल कुठलं? भाच्याच्या हातात ब्रेक ऑइलची बाटली होती, तेही हायड्रॉलिकच ना म्हणून. मेस्त्रींनी ती हातातून काढून घेतली. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं, त्याचं रबरही वेगळ्या जातीचं. ते या नायट्राइल रिंगेत घातलं तर रिंग फुगते, मऊ पडते, आणि दोन महिन्यांत पुन्हा तीच ओल. उलटही तेवढंच खरं: ब्रेकच्या रबराला मिनरल तेल लागलं की ब्रेक जातो. इथं पातळ फोर्क ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल.

भरायला मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, सुईविना, पुढं पारदर्शक नळीचा तुकडा. आधी शॉकअपकडच्या नळीत हळूहळू तेल सोडलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं नळीवर टिचक्या मारल्या. बुडबुडे एकेक करून वर आले. मग मुठीच्या पोटात तेल, तोंड वर धरून, पिस्टन थोडा पुढं-मागं करून. तेल तोंडाशी कडेपर्यंत आलं, हवा नाही अशी खात्री झाली, तेव्हा नवे वायसर घालून बोल्ट बसवला, पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं. एवढ्या सगळ्याला तेल किती लागलं? चहाचे तीन चमचे असेल.

भाच्यानं मूठ फिरवली. पहिल्याच टकाला स्प्रिंगचं बूड हललं. ते तो मोबाइलच्या उजेडात पोटावर पडून बघत होता. मूठ पूर्ण फिरवल्यावर स्प्रिंगचं बूड जवळजवळ 10 मिलिमीटर चढलं. आधी 3 देखील चढत नव्हतं. दाजींनी स्वतः एकदा फिरवून बघितली आणि म्हणाले, "एवढं मऊ फिरतंय, म्हणजे मोडलं नाही ना?"

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की शॉकअपच खोलून टाकू. ते करू नका. कडं आणि मूठ हे शॉकअपच्या बाहेरचं काम आहे, आत जाणं वेगळं. आजच्या पुष्कळ शॉकअपमध्ये तेलाच्या जोडीला नायट्रोजन वायू मोठ्या दाबानं भरलेला असतो, बुडाशी किंवा बाजूच्या डब्यात. त्याला भोक पाडणं, गॅसवर तापवणं, ग्राइंडर लावणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं. स्प्रिंग काढायलाही दाबून धरणारं साधन लागतं. दोरीनं बांधून, पाय देऊन काढणारे मी बघितले आहेत, त्यातल्या एकाच्या हनुवटीवर अजून खूण आहे. दांडीवर तेलाची ओल दिसली, गाडी खड्ड्यानंतर होडीसारखी दोन-तीनदा डुलत राहिली, की शॉकअप बदलायचा किंवा ते काम करणाऱ्याकडं द्यायचा. आणि ज्या गाड्यांना एकाच शॉकअपवर आटे असलेले दोन नट असतात त्यांत कुलपाचा नट आधी सोडायचा असतो, हे न बघता दांडगाई केली तर ॲल्युमिनियमचे आटे एका मिनिटात जातात.

माझं एक म्हणणं आहे, थोडं कडू. गाडीबरोबर आलेली पुस्तिका या तालुक्यात कुणी उघडत नाही. इंग्रजीत असते, छापही बारीक. उचगावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, मंडपात गर्दी होते, आणि मंडपाबाहेर दोनशे गाड्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या खाचेवर उभ्या असतात. पुढच्या संमेलनात कवितेच्या सत्रानंतर अर्धा तास कुणीतरी एक गाडी मंडपात लावून, पाना हातात देऊन, ही खाच मराठीत समजावून सांगितली तर मी पहिल्या रांगेत बसेन. मेस्त्री येतील का, विचारलं. म्हणाले, "माइक नको. गाडी आणा."

भाचा पाडव्यापर्यंत राहिला. बेळगावात गवळ्यांच्या म्हशींची मिरवणूक बघायला अक्काला मागं बसवून घेऊन गेला, जाताना मूठ बारा टक फिरवून. परत आल्यावर तिनं पाठीचं नाव काढलं नाही. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, कुंद्याचा डबा घेतला.

चंद्रकोरीसारखा हा हुक पाना दुचाकीच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतो. जाताना गाडी घेऊन जा, कड्याला लावून बघा, सैल बसला तर घेऊ नका. दाजींचा आता टूलकिटच्या पिशवीत नसतो. तो दुधाच्या कॅनच्या कडीला सुतळीनं बांधलेला असतो. सकाळी कॅन चढले की चौथी खाच, डेअरीवरून रिकामे परतले की दुसरी.